बाळंतपण सरले, दुखणे उरले

कोथरूडमधल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात संध्याकाळी गर्दी असते. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याची लस, वजन, उंची, डोक्याचा घेर असे करत बाळाची फाइल जाड होत जाते. कडेवर बाळ आणि खांद्यावर पिशवी घेऊन, कठडा धरत एकेक पायरी चढून आलेल्या आईची फाइल मात्र टाके बघून झाले त्या दिवशीच बंद झालेली असते. तिला विचारले, तर ती सांगेल, की कूस बदलताना कंबरेत कळ येते. सलवार घालताना एका पायावर उभे राहवत नाही. स्कूटरवर बसले, की खाली माकडहाडाशी ठणकते. घरात हे सांगितले, तर उत्तर ठरलेले असते, ‘बाळंतपणात एवढे होतेच.’

पहिल्या काही आठवड्यांपुरते हे उत्तर खरे आहे. नऊ महिने बदलत गेलेले शरीर जागेवर यायला वेळ लागतो. पण तीन महिने उलटून गेल्यावरही दुखणे हटत नसेल, किंवा त्याआधीही रोजचे चालणे-बसणे अवघड होत असेल, तर ‘होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. या दुखण्याला कारण असते आणि बहुतेक वेळा उपचारही. मात्र कारणे अनेक आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो.

एकटीचे नव्हे

गरोदरपणात सुमारे पाचपैकी एका स्त्रीला कंबरेच्या सांगाड्याचे, म्हणजे पेल्व्हिसच्या सांध्यांचे दुखणे होते. प्रसूतीनंतर बहुतेकींचे ते काही आठवड्यांत ओसरते, थोड्या जणींचे मात्र वर्ष-दोन वर्षे रेंगाळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, बाळंतपणामुळे उद्भवलेला एखादा दीर्घकाळचा त्रास दर वर्षी जगात किमान चार कोटी स्त्रियांना होत असावा. प्रसूतीनंतर शरीरसंबंधाच्या वेळी वेदना सुमारे ३५ टक्के स्त्रियांना, कंबरदुखी ३२ टक्के स्त्रियांना, तर योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या भागातले दुखणे ११ टक्के स्त्रियांना असल्याचे त्यात नोंदवले आहे.

आपल्याकडे हा विषय आकडेवारीसह पुढे आणला तो गडचिरोलीने. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. पुढे २००४ मध्ये ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेने ३९ गावांतल्या ७७२ बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतरच्या चार आठवड्यांत त्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांना काही ना काही आजार झाला होता.

गडचिरोलीच्या गावांत डॉक्टर दूर होते. कोथरूडमध्ये ते दोन चौकांच्या अंतरावर आहेत. पण दवाखाना जवळ आला म्हणून प्रश्न विचारला जातोच असे नाही. बाळाच्या प्रत्येक भेटीत कुणीतरी ‘आणि तुमचे कसे आहे?’ एवढे विचारले, तरी यातली बरीच दुखणी वेळेत कळतील.

नेमके दुखते कुठे?

कंबरेचा सांगाडा म्हणजे मागे एक आणि बाजूंना दोन अशा हाडांचे कडे. मागे दोन सांधे, पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली एक. पुढच्या सांध्यात एरवी चार-पाच मिलिमीटरची फट असते. गरोदरपणात अस्थिबंध सैल होतात आणि ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते. प्रसूतीनंतर ती हळूहळू कमी होते. क्वचित ती दहा मिलिमीटरच्या पुढे जाते, तेव्हा पाऊल टाकणेही कठीण होते. सांध्याच्या दुखण्याची खूण म्हणजे कूस बदलताना, जिना चढताना, गाडीत बसताना पाय फाकवला की कळ येणे. तपासताना डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट पाठीवर झोपवून एक पाय न वाकवता वीतभर उचलायला सांगतात. पाय जड वाटला, पण कंबरेची हाडे दोन्ही बाजूंनी दाबून धरल्यावर तोच पाय सहज उचलता आला, तर सांध्यांना स्नायूंचा आधार कमी पडतो आहे, असा अंदाज बांधता येतो.

दुसरे ठिकाण म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्यांना डॉक्टर ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. झोळीसारखे असलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय पेलून धरतात. नैसर्गिक प्रसूतीत यांतले काही स्नायू मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणले जातात, असे संगणकावरील प्रारूपांतून दिसले आहे. इतका ताण सोसल्यावर काही जणींचे स्नायू सैल पडतात. मग शिंकताना लघवीचे थेंब जातात, खाली जडपणा वाटतो. काही जणींचे स्नायू उलट आखडून बसतात. त्यांना लघवीला सुरुवात करायला वेळ लागतो, शौचाला त्रास होतो, शरीरसंबंध असह्य होतो.

तिसरे कारण म्हणजे टाके. खाली घातलेल्या टाक्यांचा व्रण कडक किंवा हुळहुळा राहू शकतो. सिझेरियन झाले म्हणजे यातून सुटका झाली, असेही नाही. सांध्यांवरचा गरोदरपणाचा भार सिझेरियन झालेल्या आईनेही वाहिलेलाच असतो. शिवाय पोटावरच्या व्रणाशी एखादी नस अडकून जांघेपर्यंत चमका येऊ शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारपैकी एक प्रसूती सिझेरियनने होते. त्यामुळे हा गट लहान नाही.

चौथे कारण माकडहाड. प्रसूतीत त्यावर ताण येतो आणि नंतर कडक खुर्चीवर किंवा जमिनीवर बसले, की दुखते.

पाचवे कारण सहसा कुणी सांगत नाही. अंगावर पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असते. त्यामुळे योनीमार्ग कोरडा राहतो, आग होते, संबंधाच्या वेळी दुखते. तिची इच्छा उरली नाही, असा याचा अर्थ काढू नये. वंगण देणारी जेल, गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले मलम आणि नवऱ्याचा समजूतदारपणा यांनी बराच फरक पडतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून असे विषय मराठीत मोकळेपणाने मांडले. जवळपास शंभर वर्षांनंतर ते नवरा-बायकोत तरी बोलले जायला हरकत नसावी.

‘केगेल’ सगळ्यांसाठी नाही

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम मांडला. आज तो मोबाइलवर सहज सापडतो. स्नायू सैल असतील, तर तो गुणकारी आहे. पण स्नायू आधीच आखडलेले असतील, तर ते आणखी आवळल्याने दुखणे वाढू शकते. अशा वेळी आधी ते सैल सोडायला शिकावे लागते. पोटातून संथ श्वास घेणे, श्वासाबरोबर खालचा भाग ढिला सोडणे, मग प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून हलक्या हाताने उपचार, असा तो क्रम असतो. म्हणून व्यायामाआधी तपासणी हवी. या तपासणीत कधी आतून स्नायू पाहावे लागतात. आधी समजावून, संमती घेऊनच ती करायची असते. नको वाटल्यास नाही म्हणता येते आणि बाहेरूनही बरेच कळते.

सांध्यांच्या दुखण्यावर नेमक्या व्यायामाचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. नॉर्वेमध्ये बाळंतपणानंतर असे दुखणाऱ्या ८१ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पोट, पाठ आणि कंबरेचे खोलवरचे स्नायू सावकाश बळकट करणारे व्यायाम २० आठवडे दिले. त्यांचे दुखणे इतर फिजिओथेरपी घेणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाले आणि हा फरक दोन वर्षांनंतरही टिकला. गुण यायला वीस आठवडे लागले, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्या अनेक जणी असतात.

घरचे बाळंतपण: काय ठेवावे, काय सोडावे

सव्वा महिन्याची विश्रांती, गरम पाण्याची अंघोळ, हलका शेक आणि हातपाय चोळून देणे हे सगळे चांगलेच. सिझेरियनच्या व्रणावर जोर देऊन पोट चोळणे मात्र टाळावे. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी आई आणि बाळ दोघांसाठी घातक असते. पोट फार घट्ट बांधल्यास दाब खाली, आधीच थकलेल्या स्नायूंवर येतो. सांध्यांना आधार देणारा पट्टा वेगळा असतो. तो पोटावर नव्हे, तर खाली नितंबांभोवती बांधतात आणि तोही सांगितलेल्या वेळेपुरताच.

काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. त्याने बद्धकोष्ठता होते आणि कुंथण्याने दुखणे वाढते. डिंकाच्या लाडवांबरोबर भाजी, फळे आणि भरपूर पाणीही हवे. पाजताना पाठीला आणि हाताखाली उशी घ्यावी. बाळाला एकाच कडेवर फार वेळ घेऊ नये. अंथरुणातून उठताना गुडघे जुळवून आधी कुशीवर वळावे आणि हाताच्या आधाराने उठावे. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आईच्या दिवसभराच्या खेपा कमी करणे, हाही उपचारच आहे आणि तो घरातल्या इतरांनी करायचा आहे.

कुणाकडे जावे, काय सांगावे

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून करावी. संसर्ग, व्रण, मूत्रमार्ग यांची तपासणी झाली, की स्त्रियांच्या आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागावी. खासगी उपचार परवडत नसतील, तर कोथरूडकरांना महापालिकेच्या सुतार दवाखान्यात विचारता येईल. ससून सर्वसाधारण रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे. ‘कंबर दुखते’ एवढेच न सांगता तीन गोष्टी लिहून न्याव्यात: बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा, कोणत्या हालचालीने दुखते आणि दुखण्यामुळे काय करता येत नाही. अंगावर पाजत असताना पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन बहुतेकींना चालते, पण मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दुखणे आणि अपुरी झोप यांच्या जोडीने मनही खचते. सतत रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगावे.

थांबू नका

पुढील लक्षणे दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे:

• ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अचानक वाढलेला रक्तस्राव किंवा लाल होऊन पाझरणारे टाके.

• एका पोटरीला सूज आणि दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे.

• लघवी अडकणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे.

• पायावर भार देताच न येणे.

याशिवाय रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारे वजन असेल, तर हाडांच्या क्षयरोगाची तपासणी लवकर करून घ्यावी. सकाळी अंग आखडणे आणि हालचालीने मोकळे वाटणे, ही सांध्यांच्या वाताची खूण असू शकते. बाळंतपणाच्या नावाखाली हे आजार महिनोन्‌महिने दडून राहतात.

आजीने आणि सासूने हे सोसले असेल. त्यांच्यापैकी अनेकींना आजही विचारले, तर त्या सांगतील, की कंबर ‘थोरल्याच्या वेळेपासून’ धरते आहे. तेव्हा त्यांना विचारणारे कुणी नव्हते. नव्या आईला विचारायला घरातच माणसे आहेत आणि उपचार करणारेही जवळ आहेत.