दावणीपाशी थांबलेली माणसे

२०१९ च्या ऑगस्टमधील महापूर कोल्हापूरकर सहजी विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. करवीर तालुक्यातील नदीकाठच्या ज्या गावात मी गेली अनेक वर्षे दवाखाना चालवतो, तेथे बचाव पथकाची रबरी बोट गल्लीगल्लीतून फिरत होती. दुसऱ्या फेरीला त्या बोटीत मीही होतो.

माझ्या एक जुन्या रुग्ण, वय ७२, मधुमेहासाठी रोज दोन वेळा इन्सुलिन घेणाऱ्या आजी, माडीच्या जिन्यावर बसून होत्या. खाली गोठ्यात गुडघाभर पाण्यात म्हैस आणि तिचे रेडकू. आजींनी आम्हांला पाहिले आणि शांतपणे सांगितले, "म्हस दाव्याला आन् मी बोटीत? जमायचं न्हाई, डॉक्टर. तुमी पोरास्नी न्या." माझा तोल सुटला. "जिवापेक्षा म्हैस मोठी आहे का?" असे मी सर्वांदेखत ओरडलो. त्यांनी उत्तर दिले नाही. बोट पुढे गेली.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा पायाला जखम होऊन तीत जंतुसंसर्ग झाला होता. त्या घाण पाण्यात तासन्‌तास उभे राहून त्या जनावरांना वैरण टाकत होत्या. इन्सुलिन दोन दिवस चुकले होते. पुढे पायाची दोन बोटे काढावी लागली. रेडकू बुडाले. मुलाने शेवटच्या क्षणी दावे कापलेली म्हैस मात्र पोहत जाऊन उंचावरच्या शाळेच्या आवारात उभी राहिली आणि चार दिवसांनी सापडली.

मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता, हे समजायला मला काही आठवडे लागले. त्या म्हशीच्या दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येई आणि त्यातूनच आजींचे इन्सुलिन विकत घेतले जाई. पती वारल्यापासून पहाटे उठण्याचे, चालण्याचे, कुणाशी तरी बोलण्याचे कारणही तीच होती. आम्ही आजींना बोटीत जागा देत होतो, म्हशीचे काय करायचे हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. ज्या घरात वृद्ध माणूस आणि जनावर दोघेही आहेत, तेथे जनावराची सोय ठरल्याखेरीज वृद्धाची सुटका होत नाही. म्हणून आपत्तीत जनावरे हाताळू शकणारे प्रशिक्षित स्वयंसेवक हा विषय मी आरोग्याचाच मानतो.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. २००५ साली अमेरिकेत कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा कुत्र्या-मांजरांना सोडून जावे लागेल म्हणून असंख्य लोक घरातच थांबले. बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाकडून त्याचा ‘स्नोबॉल’ नावाचा कुत्रा काढून घेतल्याची बातमी त्या वेळी देशभर गाजली. २००६ मध्ये तेथे कायदा झाला, आणि स्थलांतराच्या योजनांत घरगुती पाळीव प्राणी व अपंगांना साहाय्य करणारे प्राणी यांचा विचार करणे आवश्यक ठरले. त्या कायद्याचा रोख घरातल्या प्राण्यांवर आहे. आपला प्रश्न मुख्यतः गोठ्यातला आहे.

महापुरानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या गावातील तालमीच्या मुलांनी एका निवृत्त पशुवैद्यांना बोलावून दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. आरोग्याचा तास माझ्याकडे होता, तरी मी दोन्ही दिवस मागच्या बाकावर बसून शिकलो. त्यांचे पहिलेच वाक्य असे होते की, रबरी बोटीतून म्हैस नेता येत नाही, पण कोरड्या रस्त्यावरून ती स्वतःच्या पायांनी जाते. माणसे ४३ फुटांची वाट पाहतात. जनावरे मात्र ३९ फुटांना हलवायची. इशारा पातळी खरी दावणीसाठी आहे, असे ते म्हणाले, आणि ते मुलांच्या डोक्यात पक्के बसले.

मग प्रत्यक्ष गोठ्यात सराव झाला. अनोळखी जनावराकडे पाठीमागून जायचे नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, त्याला दिसेल असे जायचे. रेडकू किंवा वासरू पुढे चालवले की आई आपोआप मागे येते. कळपातले जे जनावर नेहमी पुढे असते, त्यालाच आधी काढायचे. पाणी गोठ्यात शिरलेच आणि बाहेर नेणे अशक्य झाले, तर दावे सोडायचे अथवा कापायचे. बांधलेले जनावर बुडते, मोकळे पोहू शकते. मात्र लोंबकळणारा कासरा कुठेतरी अडकून गळफास बसतो, म्हणून तोही काढून टाकायचा. वेसणीला धरून पाण्यातून ओढत नेणे, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार, त्यांनी ठामपणे चुकीचा ठरवला. नाकपुडी फाटते आणि घाबरलेले जनावर माणसालाच पाण्याखाली घेते. उपाशी जनावर वाचल्यावर दयेपोटी त्याच्यापुढे धान्याची पाटी ओतायची नाही. आधी स्वच्छ पाणी, मग थोडा कोरडा चारा. एकदम खाल्लेल्या धान्याने पोटात आम्ल वाढून वाचलेले जनावर दगावू शकते. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यायच्या, हे शेतकऱ्यांना माहीत असते. तरी दरवर्षी चार घरे राहतातच.

कुत्र्यांचा तास निराळा होता. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, अंग तिरके ठेवून बसायचे, हात पुढे न करता त्याला वास घेऊ द्यायचा. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून कापडी पट्टीने तोंड हलके बांधायला मुले शिकली. पण त्याला धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर तोंड बांधायचे नाही. मांजरासाठी उशीचा अभ्रा आणि कोंबड्यांसाठी डालगे, ही साधने प्रत्येक घरात असतात.

स्वयंसेवकाने स्वतःच्या प्रकृतीची तयारी पावसाळ्यापूर्वी करावी. धनुर्वाताच्या लसीची मात्रा किती वर्षांपूर्वी घेतली हे पाहावे. कुत्र्यामांजरांना हाताळणाऱ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी. तशी ती घेतलेली असली, तरी चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे चुकत नाही. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. आणि कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी बॅटरीच्या उजेडात लांब काठीने ती हलवून पाहावी, कारण पुरात सापही कोरडी जागा शोधतात.

पूर ओसरल्यावरचा धोका मात्र स्वयंसेवकांपेक्षा घरच्या वृद्धांना अधिक असतो. गोठा साफ करायला सर्वांत आधी अनवाणी उतरतात ते आजोबा. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून, त्वचेवरच्या लहानशा भेगेवाटेही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर ‘साधा ताप’ म्हणून घरी थांबू नये. कावीळ दिसणे किंवा लघवी कमी होणे म्हणजे तातडीने रुग्णालय. अशा कामानंतर प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन दिले जाते. परंतु ते डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्याच्या पाकिटातून घ्यायचे नाही. घरात गमबूट नसतील तर वृद्धांना गोठ्यात उतरू देऊ नये, एवढा हट्ट सुनेने आणि मुलाने जरूर करावा.

त्या प्रशिक्षणातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे एक साधी वही. तिला मुलांनी ‘दावणयादी’ असे नाव दिले. प्रत्येक घराचे एक पान. डावीकडे जनावरे किती, गाभण कोणती, कानातल्या बिल्ल्याचे क्रमांक काय, ती कुणाच्या उंचावरच्या गोठ्यात जाणार, नेणारा कोण. उजवीकडे घरातील वृद्ध, त्यांचे आजार, चालू औषधे, इन्सुलिन, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, हात धरून नेणारा कोण. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हे क्रमांक मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत. ही दोन अंगे एकाच पानावर असावीत, हा आग्रह माझा होता.

शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्यांनीही असे एक पान लिहून ठेवावे. माझ्या ओळखीचे एक वृद्ध दांपत्य २०१९ मध्ये निवारा केंद्राच्या दारातून परतले, कारण कुत्र्याला आत प्रवेश नव्हता. त्या आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. नातेवाइकांची नावे विसरणारे ते गृहस्थ कुत्र्याला बरोबर हाक मारतात. त्याला दूर नेले की संध्याकाळी अस्वस्थ होऊन दाराकडे धावतात. अशा रुग्णाची देखभाल करणाऱ्याने कोणत्या नातेवाइकाकडे दोघांनाही नेता येईल हे पावसापूर्वीच विचारून ठेवावे. कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड, साखळी आणि रुग्णाच्या औषधांची चिठ्ठी एकाच पिशवीत असावी.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांपलीकडे गेले आणि या वेळी ते फार झपाट्याने चढले. कोरोनाचे दिवस होते. मुले तोंडाला मास्क लावून भर पावसात दावणी सोडत होती. सारेच सुरळीत झाले असे नाही. एका घराने जनावरे हलवायला नकार दिला आणि शेवटी रात्री अकरा वाजता छातीएवढ्या पाण्यातून ती काढावी लागली. पण आजींची म्हैस रस्ता कोरडा असतानाच निघाली. पुढे नवे रेडकू, मागे म्हैस, तिच्यामागे काठी टेकत आजी, आणि त्यांच्या हातात इन्सुलिनची डबी ठेवलेले ओले मडके. माळावरच्या शेडमध्ये मी त्यांची साखर तपासली, १८४ होती. "म्हशीचं बी बघा की," त्या म्हणाल्या. ते माझे काम नव्हते. मी पशुवैद्यांना हाक मारली.

त्या तुकडीतील निम्मी मुले आता नोकरीसाठी पुण्याला गेली आहेत. यंदा सात मुलींनी नावे दिली असून मेच्या दुसऱ्या रविवारी सराव आहे. वहीतली काही पाने जुनी झाली आहेत. ती घरोघर जाऊन नव्याने लिहायची आहेत, आणि धनुर्वाताची इंजेक्शने द्यायला मला सकाळी आठला तालमीत बोलावले आहे.