उलटी बॅटरी आणि अल्टरनेटरचे सहा डायोड

गाडीची बॅटरी उलटी जोडली गेली तर नुकसान व्हायला चावीसुद्धा फिरवावी लागत नाही. क्लॅम्प टर्मिनलला टेकतो, मोठी ठिणगी उडते आणि जे व्हायचं ते होऊन जातं. चूक ध्यानात आल्यावर तारा सरळ केल्या जातात, सेल्फ मारला की इंजिन सुरूही होतं आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. खरा प्रकार संध्याकाळी कळतो. हेडलाइट पिवळे पडत जातात, डॅशबोर्डवरची बॅटरीची लाल खूण विझत नाही, दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसता टकटक करतो. मग गॅरेजमधून निरोप येतो, ‘अल्टरनेटर गेला, नवा टाकावा लागेल.’ हा निकाल कित्येकदा मीटर न लावताच दिलेला असतो. वास्तविक उलट्या बॅटरीचा घाव अल्टरनेटरमध्ये कुठे बसतो ते ठरलेलं आहे. तो तिथवर पोचला की अलीकडच्या फ्यूजवरच निभावलं, हे मोजून सांगता येतं.

अल्टरनेटर मोटारीत तसा उशिरा आला. त्याआधी डायनॅमो होता, आणि जुने मिस्त्री अजूनही अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतात. डायनॅमोत वीज तयार होई ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये, त्यामुळे सगळा प्रवाह कम्युटेटर आणि कार्बनमधून बाहेर काढावा लागे. इंजिन आयडलवर असलं की तो जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटरने ही मांडणी फिरवली. मोठा प्रवाह जागच्या जागी बसलेल्या स्टेटरमध्ये तयार होतो आणि फिरणाऱ्या रोटरला कार्बनमधून थोडेसेच अँपिअर पुरतात. म्हणून तो हलका झाला, जोरात फिरू लागला आणि सिग्नलला उभ्या गाडीतही चार्जिंग देऊ लागला. अडचण एवढीच की स्टेटरची वीज तीन फेजची एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. सेलेनियमचे रेक्टिफायर होते, पण ते अवजड. पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका अशा भरपूर वीज खाणाऱ्या वाहनांनाच ते परवडत. सिलिकॉनचा लहानसा, स्वस्त डायोड आला आणि वाट मोकळी झाली. १९६० साली अमेरिकेत क्रायसलरने व्हॅलिअंट गाडीत अल्टरनेटर सरसकट द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, आपल्याकडे मद्रासला वाहनांची विजेची यंत्रं बनवणारी लुकास-टीव्हीएस उभी राहिली.

डायनॅमोला उलट्या बॅटरीचं एवढं भय नव्हतं. त्याचा प्लस कुठला आणि मायनस कुठला, हे लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर ठरे. फील्डच्या टर्मिनलला बॅटरीची तार क्षणभर टेकवली की ते बदलता येई. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे, आणि अशी गाडी मायनस अर्थवर आणायची तर जाणकार हीच युक्ती करत. अल्टरनेटरला ही सवलत नाही, कारण त्याच्या पोटात डायोड आहेत.

डायोड म्हणजे विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह: पाणी वर जाऊ देतो, मागे परतू देत नाही. अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला अॅल्युमिनियमची डायोड प्लेट असते. तिच्यात किमान सहा मोठे डायोड असतात, प्रत्येक फेजला दोन: एक अर्थकडचा, एक प्लसकडचा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अर्थकडून प्लसकडे. बॅटरी सरळ असेल तर गाडी बंद असताना हे सहाही दरवाजे बंद राहतात आणि बॅटरीतली वीज अल्टरनेटरमध्ये शिरत नाही. बॅटरी उलटी लागली की अर्थ प्लस होतो, अल्टरनेटरचं बी-प्लस टर्मिनल मायनस होतं आणि सहाच्या सहा दरवाजे सताड उघडतात. बॅटरीपासून बी-प्लसपर्यंत येणाऱ्या जाड तारेत चावीचा संबंधच नसतो. धडधाकट बॅटरी अशा वाटेने शेकडो अँपिअर ओतते. मग दोनपैकी एक होतं: वाटेतला मोठा फ्यूज किंवा फ्युजिबल लिंक वितळते, नाहीतर डायोड जळतात.

एक गोष्ट डायोडांच्या बाजूने सांगायलाच हवी. ते उघडतात तेव्हा उलट्या बॅटरीचा व्होल्टेज खाली ओढतात, आणि बाकीच्या गाडीला तेवढा कमी फटका बसतो. हे गृहीत धरूनच मानकं लिहिली आहेत. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठीच्या आयएसओ १६७५०-२ मध्ये उलट्या बॅटरीची चाचणी आहे. बारा व्होल्टच्या गाडीतल्या भागाला एरवी १४ व्होल्ट उलटे, ६० सेकंद सोसावे लागतात. पण अल्टरनेटरच्या वाटेत फ्यूज नसेल आणि त्याचे डायोड तेवढा वेळ टिकणारे असतील, तर ही चाचणी अवघ्या ४ व्होल्टांची होते. ज्या प्लेटला आपण ‘जळाली’ म्हणून दोष देतो, तिने स्टिरिओ आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) वाचवलेले असण्याची शक्यता बरीच असते.

आता निदान. पहिलं रीडिंग बॅटरीचंच. पूर्ण चार्ज असलेली, तासन्‌तास उभी असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकड्याआधी चिन्ह पाहावं. पार उतरलेली बॅटरी चार्जरला उलटी लावली गेली तर ती उलटीच चार्ज होऊ शकते, आणि मग खुणा बघून सरळ जोडलेली बॅटरीही गाडीसाठी उलटीच ठरते. लाल प्रोब प्लसवर ठेवून मीटर वजा दाखवत असेल तर पुढे जाऊच नये, ती बॅटरी बाजूला ठेवावी.

दुसरं रीडिंग सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच घेतलं जात नाही. इंजिन बंद ठेवून अल्टरनेटरच्या बी-प्लस टर्मिनलवर मीटर लावायचा. तिथे बॅटरीइतकाच व्होल्टेज यायला हवा. शून्य आला तर वाटेतला फ्यूज उडालेला आहे. हा फ्यूज नेहमीच्या छोट्या पात्यांसारखा नसतो. ८० ते १२० अँपिअरचा, स्क्रूने घट्ट बसवलेला, बॉनेटखालच्या डब्यात किंवा थेट बॅटरीच्या क्लॅम्पवर असतो, म्हणून नजरेतून सुटतो. काही गाड्यांत तो नसतो, फ्युजिबल लिंकची तार असते. तिचं वरचं आवरण शाबूत आणि आतलं तांबं वितळलेलं असू शकतं. हलकेच ओढून पाहिल्यावर ती रबरासारखी ताणली गेली तर लिंक संपली. सेल्फची तार बॅटरीला थेट जोडलेली असते, म्हणून इंजिन सुरू होतं आणि सगळा संशय अल्टरनेटरवर जातो. कितीतरी चांगले अल्टरनेटर एका फ्यूजपायी भंगारात जातात.

पण नवा फ्यूज बसवण्याची घाईही नको. आधी मायनस काढावा, बी-प्लसची तार सोडावी आणि मीटर डायोडच्या खुणेवर आणावा. लाल प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर, काळा बी-प्लसवर. निरोगी प्लेटमध्ये वाटेत दोन डायोड एकामागे एक येतात, म्हणून मीटर एक व्होल्टच्या आसपास दाखवतो. प्रोब बदलले की काहीच दाखवू नये. आकडा निम्म्यावर, अर्ध्या व्होल्टकडे आला तर एखाद्या जोडीतला एक डायोड शॉर्ट आहे. दोन्हीकडून शून्य असेल तर एक पूर्ण जोडीच गेली. त्यावर नवा फ्यूज बसवला तर तोही तत्क्षणी जाईल.

एखादा डायोड शॉर्ट न होता उघडा पडला असेल तर तो या परीक्षेत सापडत नाही. अल्टरनेटर चार्जिंग देत राहतो, पण लोड आला की कमी पडतो. इथे मीटर एसी व्होल्टवर घ्यावा, इंजिन सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत आणि बॅटरीवर रीडिंग घ्यावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर डायोड गळतोय किंवा तुटलाय. रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी, उभ्या गाडीची रात्रीत उतरणारी बॅटरी, मंद तेवणारा लाल दिवा ही त्याच आजाराची लक्षणं आहेत. हा दिवा चावी फिरवल्यावर लागलाच नाही, तर मात्र शोध रोटरच्या वाटेवर घ्यावा: कार्बन, कटआउट (रेग्युलेटर) किंवा त्या वाटेवरचा छोटा फ्यूज.

शेवटी चार्जिंगचा व्होल्टेज. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ हे जुन्या हिशेबाचं उत्तर. अलीकडच्या गाड्यांत अल्टरनेटरवर संगणकाचा ताबा असतो आणि तो हा आकडा मुद्दाम वरखाली करतो, म्हणून एकाच रीडिंगवर निकाल देऊ नये. आणि चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून ‘अल्टरनेटर पकडतो का’ हे पाहण्याची रीत आता पूर्ण बंद झाली पाहिजे. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज शंभराच्या घरात उसळू शकतो, आणि उलट्या बॅटरीतून वाचलेला ईसीयू त्या परीक्षेत मरतो.

हे सगळं करणारा कारागीर म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियन. टेबलावर अल्टरनेटर उघडून, स्टेटरच्या तारांचे डाग सोडवून तो एकेक डायोड वेगळा तपासतो. प्लेट बहुतेक जुन्या मॉडेलांना सुटी मिळते, कार्बन मिळतात, बेअरिंग मिळतात. उलट्या बॅटरीत रोटर आणि स्टेटरला सहसा धक्काही लागलेला नसतो, म्हणून प्लेट बदलली की यंत्र पुन्हा कामाला लागतं. अख्खा नग बदलणं सोपं आणि पटकन होणारं आहे, पण या बिघाडात ते क्वचितच गरजेचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक होते ती बहुधा अंधारात, पावसात किंवा नवी बॅटरी उलट्या मांडणीची आणल्यावर. आपल्याकडे बॅटरी डाव्या आणि उजव्या टर्मिनलची अशा दोन्ही प्रकारांत मिळते. चुकीची आणली की तारा ओढून भलतीकडे पोचवल्या जातात. काजळी चढलेली लाल तार काळीच दिसते, म्हणून रंगावर विसंबू नये. प्लसचा खुंट मायनसपेक्षा जाड असतो आणि बॅटरीच्या अंगावर खूण कोरलेली असते. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो, म्हणून चेहरा लांब ठेवावा.

एवढं करूनही बॅटरी उलटी लागलीच, तर गॅरेजमध्ये पहिल्याच वाक्यात तसं सांगा, लपवू नका. आणि नव्या अल्टरनेटरला होकार देण्याआधी बी-प्लसवर किती व्होल्ट आले, ते विचारा.