पाच मिनिटं हसवायची आहेत? मग हे ऐका
(रेडिओवर झालेलं भाषण)

भाकऱ्या झाल्या असतील, नसतील तर थापता थापता ऐका. हात कामात असले तरी कान मोकळे असतात.

आज विषय जरा वेगळा आहे. माईकपुढं एकटीनं उभं राहायचं आणि आपल्याच बोलण्यातून समोरच्या बायकांना हसवायचं. शहरात याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. तिथं ‘ओपन माईक’ नावाचा प्रकार असतो. नवी माणसं नाव नोंदवतात, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात. ना नाटक, ना पेटी-तबला. एक माणूस आणि त्याचं बोलणं, बस्स.

तुम्ही म्हणाल, हे आपलं काम नाही. पण जरा आठवा. संत एकनाथांच्या भारुडात सासरच्या माणसांना वैतागलेली सून देवीला नवस बोलते, आणि चारशे वर्षं झाली तरी बाया हसतात. भोंडल्याच्या गाण्यांत आपण सासरच्यांची थट्टा करतोच की. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार गावोगाव जाऊन कथा सांगायचे, तेव्हा माणसं पोट धरून हसायची. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये ५२ पात्रं एकट्यानं उभी केली. आणि जॉनी लिव्हर? धारावीत वाढलेला पोरगा, रस्त्यावर पेनं विकायचा, मग कारखान्यात कामाला लागला. तिथल्या कार्यक्रमात साहेबांच्या नकला केल्या आणि कंपनीचंच नाव त्याला चिकटलं. सुरुवात त्यानंही आपल्याच माणसांपुढं केली.

आपली जागा कोणती? गटाची मीटिंग, हळदीकुंकू, मंगळागौर, आठ मार्चचा मेळावा.

आता विषय कुठून आणायचा? घरातूनच. मोबाईलवर फिरणारे विनोद सांगू नका, ते सगळ्यांनी वाचलेले असतात. तुमच्या घरात काल काय झालं, ते मात्र फक्त तुम्हाला ठाऊक आहे. एक छोटी वही करा. जिथं राग आला, लाज वाटली, फजिती झाली, ते दोन ओळींत लिहा. लिहायला जमत नसेल तर मोबाईलमध्ये बोलून ठेवा. राग आणि फजिती हाच विनोदाचा कच्चा माल. सगळं सुरळीत झालं त्यात हसण्यासारखं काही नसतं.

मग तो माल घडवायचा. इथं उखाणा आठवा. उखाण्यात नाव शेवटी येतं. आधीच नाव घेतलं तर कोण ऐकेल? विनोदाचंही तसंच. जो शब्द हसवतो, तो अगदी शेवटी ठेवायचा आणि त्याच्यापुढं एक अक्षर बोलायचं नाही.

माझंच उदाहरण सांगते. पहिल्यांदा मी असं लिहिलं होतं: “मीटिंगला जाऊ का विचारलं तर ह्यांनी बँकेसारख्या खूप अटी घातल्या, स्वयंपाक कर, म्हशीला पाणी दाखव, असं सगळं, म्हणजे मला हसूच आलं.” कुणी हसलं नाही. मी एकटीच हसत होते.

मग बदललं. “मी ह्यांना विचारलं, मीटिंगला जाऊ का? म्हणाले, जा की, मी कधी नाही म्हटलंय? फक्त स्वयंपाक करून जा. म्हशीला पाणी दाखवून जा. आत्याबाईंना गोळी देऊन जा. आणि पाचच्या आत ये. एवढ्या अटी मी याआधी एकाच ठिकाणी ऐकल्या होत्या. बँकेत.”

काय बदललं? ‘बँक’ आधी होती, ती शेवटी गेली. ‘मला हसू आलं’ हे काढून टाकलं, कारण हसायचं काम ऐकणाऱ्यांचं आहे. आणि अटी एकेक करून सांगितल्या, म्हणजे प्रत्येक बाईला आपलं घर दिसलं.

आणखी एक युक्ती. आधी सांगितलेली गोष्ट नंतर अचानक परत आणायची. मी दुसरंच काहीबाही सांगत राहते आणि शेवटी म्हणते, “घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. हे दारातच उभे. मी म्हटलं, उशीर झाला खरा, व्याज लावा.” बायकांना बँक आठवते आणि हसू दुप्पट होतं.

आता सराव. भिंतीपुढं नको, आरशापुढंही नको. दोन-तीन मैत्रिणींपुढं बोला. जिथं त्या हसल्या ते ठेवा, जिथं त्यांनी पदर सारखा केला ते कापा. घड्याळ लावून बघा. पहिल्या वेळी तीन मिनिटं पुष्कळ झाली. एक बरी गंमत सुरुवातीला, सगळ्यात चांगली शेवटाला. पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं. मधलं गप्पा मारल्यासारखं येऊ द्या, आपल्याच बोलीत. पुस्तकी बोलायला गेलात की गंमत गेली.

माईक हनुवटीजवळ धरा, तोंडापासून चार बोटं लांब. त्यावर हातानं ठोकू नका, फुंकर मारू नका. लोक हसले की थांबा. हसण्यावर बोललं तर पुढचं ऐकू जात नाही. आणि नाही हसले तर? पुढचं सांगायचं. “कळलं का?” विचारू नका. समजावून सांगितलेला विनोद म्हणजे निवलेली भजी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी चुकून शिकले.

दोन वर्षांपूर्वी मेळाव्यात मी आमच्या गटातल्या एका बाईची गंमत सांगितली. नाव घेतलं नव्हतं, पण गावात नाव घ्यावं लागतं का? उभ्या जन्मात अंगठाच उठवलेला, पंचेचाळिसाव्या वर्षी ती सही करायला शिकली. पहिल्यांदा बँकेत गेली आणि घाबरून तारखेच्या रकान्यात सही करून आली. सगळा मंडप हसला. ती एकटी नाही हसली. पुढच्या तीन मीटिंगला ती आली नाही.

मी तिच्या घरी गेले. ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, “तू खोटं नाही बोललीस, ताई. पण ते सांगायचं माझं होतं.”

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. दुसरीची फजिती तिला विचारल्याशिवाय सांगायची नाही. रंग, जात, व्यंग, मूल नसणं, नवरा नसणं यावर हसायचं नाही, कारण त्या बाईला हे टोमणे रोजच बसतात, त्यात आपली भर नको. आणि हसायचंच तर स्वतःवर किंवा आपल्यापेक्षा जो वर बसलाय त्याच्यावर. घरातलं सांगायचं असेल तर घरात आधी सांगावं. बँकेची गंमत मी ह्यांना अगोदर ऐकवली. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पाच नव्हे, साडेपाच म्हणालो होतो.” म्हणजे मंजुरी मिळाली. पण ज्या घरात अशा थट्टेचे परिणाम बाईला भोगावे लागतील, तिथं ही गंमत वहीतच राहू दे. टाळ्यांपेक्षा आपण सुखरूप असणं मोठं.

त्या बाईचं पुढं काय झालं, विचाराल. मी माफी मागितली. यंदा आठ मार्चला ती स्वतः माईकपुढं आली. हात थरथरत होते. म्हणाली, “साहेब म्हणाले, बाई, ही सहीची जागा नाही, तारखेची आहे. मी म्हटलं, साहेब, पंचेचाळीस वर्षांनी सही केली. हीच तारीख.”

मंडप तोच होता. गोष्टही तीच. पण या खेपेला सगळ्यात आधी हसली ती.

तर मैत्रिणींनो, आपल्यावर विनोद करणारे पुष्कळ आहेत. बायकोवरचे, बायकांच्या बडबडीवरचे विनोद आपण जन्मभर ऐकले. आता आपली गोष्ट आपण सांगू. पुढच्या मीटिंगला हजेरी झाली, बचत जमा झाली, की शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. तीन जणी, तीन-तीन मिनिटं. उरलेलं एक मिनिट पाणी प्यायला, ते लागतंच.

येते मी. नमस्कार.