उपाशीपोटीची साखर आणि पुण्याची बाळं

सकाळी ओंकारेश्वराकडून फेरी मारून शनिवार पेठेत परतणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत एक तक्रार हमखास असते. रात्री भाकरी-भाजीच खाल्ली, गोडाला बोटही लावलं नाही, तरी उपाशीपोटीची साखर चढलेली कशी?

ही साखर ताटातून आलेलीच नसते. पहाटे शरीर जागं होण्याची तयारी करतं. कॉर्टिसॉल वाढतं आणि यकृत साठवणीतलं ग्लुकोज रक्तात सोडू लागतं. त्याला आवर घालणारं इन्सुलिन कमी पडलं, की आकडा वर जातो.

कॉर्टिसॉल, इन्सुलिन ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. हे नाव 1905 साली इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी रूढ केलं. ग्रंथी हे द्रव्य रक्तात सोडते आणि ते अंगभर फिरतं. पण ज्या पेशीवर त्याला ओळखणारा ग्राही असतो, तीच पेशी प्रतिसाद देते. रमणबाग शाळेची घंटा चुकू नये म्हणून धावणाऱ्या मुलाच्या छातीत धडधडतं, कारण अॅड्रिनॅलिनला ओळखणारे ग्राही हृदयात आहेत.

प्रमाण सांभाळण्याची रीत तर थक्क करणारी आहे. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चमचाभर, चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. बशीभर पोहे खाल्ले की ते वाढू लागतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी लगेच इन्सुलिन सोडतात, स्नायू ग्लुकोज आत घेतात, यकृत ते साठवतं. साखर उतरली की इन्सुलिनही ओसरतं. ती फारच उतरली, तर शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडून यकृताला साठा मोकळा करायला लावतात. थायरॉइडचा कारभारही असाच तोल सांभाळत चालतो. ती ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हलवण्यासाठी जास्त टीएसएच सोडते. म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेलं दिसलं, तर बहुधा थायरॉइड कमी पडत असतं.

टाइप 2 मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन आटलेलं नसतं. पेशी त्याला दाद देईनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडत राहतं आणि वर्षानुवर्षांच्या या राबणुकीने थकतं. हे लठ्ठ माणसालाच होतं, हा समज खोडून काढण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के!

हा फरक येतो कुठून? याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. केईएममध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त सापडलं. पहिला घास पोटात जायच्या आधीच!

‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून मधुमेह्याला घरोघरी बोलणी खावी लागतात, आणि ती अन्यायाची आहेत. आहार आणि व्यायाम यांना पर्याय नाही हे खरंच, पण साऱ्याचा दोष त्याच्या जिभेवर टाकता येत नाही.

आईच्या ताटाकडे मात्र लक्ष द्यायला हवं. पुण्याजवळच्या त्याच सहा गावांत ज्या गर्भवती हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं वजनाने चांगली भरली. ज्यांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर पण बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. बी-12 भाजीपाल्यातून मिळत नाही. शाकाहारी घरातल्या गर्भवतीला ते मिळतं दूध-दह्यातून, नाहीतर डॉक्टरांनी दिलेल्या गोळीतून.