मोटारसायकलीचे मागील धक्काशोषक घरी कसे बसवावेत

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहराकरिता ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. तेव्हापासून या भागातील पुष्कळ खातेदारांचे घर एकीकडे व उरलेले शेत दुसरीकडे अशी स्थिती झाली आहे. बैलगाडीची जागा मोटारसायकलीने घेतली असून बियाणे, खताची गोणी, दुधाचे कॅन, घरची माणसे हे सर्व तिच्याच पाठीवर जाते. या भाराचे धक्के सोसणारा जो मागील धक्काशोषक, ज्यास कारागीर शॉकअप म्हणतात, त्याविषयी मात्र आपण उदासीन असतो. तो काढून पुन्हा बसविणे हे काम नेटक्या हातास घरी साधण्याजोगे आहे. परंतु त्यात एखादी चूक राहिल्यास ती अंगणात दिसत नाही, भर रस्त्यात दिसते. उरण-पनवेलच्या बाजूस कंटेनरांच्या अवजड गाड्या सतत धावतात, तेथे मागचे चाक डगमगले तर सावरण्यास अवकाश मिळत नाही. यास्तव या कामाची रीत येथे क्रमवार देत आहो.

रचना.— टांग्यास ज्या कारणाकरिता कमानी असतात त्याच कारणाकरिता मोटारसायकलीस हे धक्काशोषक असतात. आरंभीच्या मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्यास पक्के जखडलेले असे व स्प्रिंगा काय त्या बैठकीखाली असत. रॉयल एनफील्डने १९४९ साली आणलेल्या बुलेट गाडीस हलता चिमटा व दोन बाजूंस दोन धक्काशोषक दिले गेले, आणि पुढे हीच रीत रूढ झाली. प्रत्येक धक्काशोषकाचे दोन भाग असतात. बाहेरची स्प्रिंग भार पेलते, तर आतील तेलाची नळी स्प्रिंगेची उसळी आवरते. वरचा डोळा सांगाड्यास व खालचा डोळा चाकाच्या चिमट्यास बोल्टाने जोडलेला असून दोन्ही डोळ्यांत रबराच्या बुश असतात.

परीक्षा.— गाडी स्टँडवरून उतरवून बैठक जोराने दाबावी व सोडावी. मागील भाग वर येऊन स्थिर झाला तर ठीक. दोन-तीन वेळा हिंदकळला तर नळीतील तेलाचे काम संपले असे समजावे. नळीच्या दांड्यावर तेलाचा ओघळ, खड्ड्यात ठणका बसणे, खडखड आवाज हीही लक्षणे होत. आवाज मात्र पुष्कळदा झिजलेल्या बुशांचा असतो. तेवढ्याकरिता सबंध धक्काशोषक बदलण्याचे कारण नाही. बदलावयाचा झाल्यास नेहमी दोन्ही बाजूंचा एकदम व त्याच गाडीकरिता नेमलेला घ्यावा. एक जुना व एक नवा अशी जोडी म्हणजे उंच व खुजा बैल एका जोखडास जुंपणे होय.

काढणे.— गाडी सपाट व कठीण जमिनीवर मधल्या स्टँडवर घ्यावी. सायलेन्सर थंड होऊ द्यावा. बोल्टांच्या मापाचे रिंग पाने, लाकडी हातोडी, तारेचा ब्रश व एक फळी एवढे साहित्य पुरते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने बोल्ट गंजून धरलेले असतात; त्यांवर आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल घालून ठेवावे, परंतु ते ब्रेकच्या ड्रमावर अथवा टायरावर जाऊ देऊ नये. चाकाखाली फळी सारून चिमट्यास आधार द्यावा. एका वेळी एकच बाजू सोडावी, हा मुख्य नियम आहे. दुसऱ्या बाजूचा धक्काशोषक जागेवर असला म्हणजे चिमटा खाली पडत नाही व भोके जुळविण्याचा त्रास वाचतो. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत.

बसविणे.— बोल्ट व खुंटी ब्रशाने स्वच्छ कराव्यात. पिनेस ग्रीसचा पातळ हात द्यावा, पण ते रबरास लागू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते व सडते. वरचा डोळा प्रथम बसवावा, नंतर खालचा. भोक जुळत नसेल तर फळीच्या आधाराने चाक किंचित वर-खाली करावे. हातोडीने बोल्ट ठोकल्यास आटे मरतात. ज्या नटांत नायलॉनचे कडे असते ते पुन्हा न वापरता नवे घ्यावेत. नट या वेळी हातानेच लावून ठेवावेत. तशीच रीत दुसऱ्या बाजूस करावी.

आता जो भाग घाईत राहून जातो तो सांगतो. नट पक्के करण्याचे काम गाडी स्टँडवर असताना करू नये. चाक अधांतरी असता बोल्ट आवळला तर बुश त्याच स्थितीत जखडते, आणि गाडीवर भार येताच रबरास पीळ बसतो; ते लवकर फाटते. म्हणून गाडी जमिनीवर उतरवावी, एका माणसास बैठकीवर बसवावे आणि मग कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याइतके नट आवळावेत. शेवटी साखळीची ढिलाईही त्याच पुस्तिकेप्रमाणे पाहावी.

ताणाचे खाचे.— पुष्कळ गाड्यांच्या धक्काशोषकास स्प्रिंगेचा ताण बदलण्याचे खाचे असतात. स्प्लेंडरास असे पाच आहेत. एकटे जाणाऱ्याने खालचा खाचा व मागे माणूस अथवा ओझे असल्यास वरचा खाचा ठेवावा. दोन्ही बाजूंचा खाचा एकच असला पाहिजे. येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. ताण वाढविल्याने गाडीची ओझे वाहण्याची शक्ती वाढत नाही. ती सांगाडा, टायर व ब्रेक यांवरून ठरलेली असते. वरच्या खाच्यावर ठेवून दोन गोण्या अधिक लादणारा मनुष्य केवळ मागचा भाग उंच करतो. धोका आहे तेवढाच राहतो.

निषिद्ध गोष्टी.— स्प्रिंग नळीवरून घरी उतरवू नये. ती दाबून बसविलेली असते आणि सुटल्यास हात अगर डोळा घेते. काही धक्काशोषकांस बाजूला वायूची डबी असते. तीस भोक पाडू नये की ती विस्तवात टाकू नये. गळलेले तेल बांधावर अथवा विहिरीजवळ ओतू नये. ज्या गाडीस बैठकीखाली एकच धक्काशोषक आहे तिचे काम घरी न करणे बरे, कारण तिचा सांगाडा उचलून धरण्याचे साधन शेतकऱ्याच्या घरी नसते.

काम झाल्यावर प्रथम रिकाम्या गाडीने गावातच फेरी मारावी व शंभर किलोमीटरांनंतर चारही नट पुन्हा तपासावेत. खालचा बोल्ट निम्मा बाहेर सरकलेली एक गाडी आमच्या पाहण्यात आली आहे. मालक मुलीस शाळेत पोचवून नुकताच परतला होता व त्यास त्याचा पत्ताही नव्हता. पावसाळ्यात खाडीच्या वाटेने आल्यावर गोड्या पाण्याने हे भाग धुवावेत, आणि आश्विनात भातकापणीची धांदल सुरू होण्यापूर्वी एकदा बैठक दाबून पाहावी. एवढ्यास वेळ थोडा लागतो व पैसा मुळीच लागत नाही.