टेकडीच्या पायथ्याशी

पुणे शहराच्या पश्चिमेस टेकड्यांची एक रांग आहे. तिच्या पायथ्याशी, सुमारे ६५ एकरांच्या विस्तीर्ण आवारात, फर्ग्युसन महाविद्यालय वसलेले आहे. मृगाच्या सरी कोसळल्या, की उन्हाळ्यात करपून गेलेली ही टेकडी हिरवी शाल पांघरते. त्याच सुमारास शिक्षणाचे नवे वर्ष सुरू होते आणि खेड्यापाड्यांतून आलेले विद्यार्थी प्रथमच या आवारात पाऊल टाकतात.

अशा नवागत विद्यार्थ्याचे मन प्रथम रमते ते येथील गर्द सावलीत. रस्त्यावरील वाहनांचा गलबला मागे पडतो आणि जुन्या वृक्षांच्या फांद्यांतून पाखरांचा किलबिलाट कानी येऊ लागतो. थोडे पुढे जाताच उतरत्या कौलारू छपरांची भव्य दगडी इमारत दिसते. हीच महाविद्यालयाची मुख्य इमारत होय. तिच्याकडे पाहत असता विद्यार्थ्याच्या मनात सहज प्रश्न येतो, की एवढी वास्तू कोणी बांधली असेल? एखाद्या राजाने, की सरकारने?

महाविद्यालयाला फर्ग्युसन हे नाव मिळाले ते त्या काळचे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यावरून. परंतु ते स्थापन केले ते मात्र याच मातीतील तरुणांनी. लोकांना स्वस्त आणि चांगले शिक्षण मिळावे, या हेतूने टिळक, आगरकर आदी मंडळींनी १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही संस्था काढली आणि १८८५ साली हे महाविद्यालय सुरू केले. तेव्हा ना हे आवार होते, ना ही इमारत. पहिले वर्ग शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरत.

विद्यार्थ्यांकडून फार फी घ्यायची नाही, तर खर्च भागावा कसा? शिक्षकांनी त्यावर एक उपाय काढला. संस्थेच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे दरमहा सुमारे ७५ रुपयांवर काम करण्याचे व्रत घेतले. सरकारी नोकरीत त्यांना याहून कितीतरी अधिक पगार मिळाला असता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ऐन विशीत हे व्रत घेतले. वर्गात शिकवून झाले, की सुट्टीच्या दिवसांत ते गावोगाव हिंडत आणि इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत. कोणी आदराने देई, कोणी रिकाम्या हाताने परत पाठवी.

इमारत पुरी झाली १८९५ साली. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांनी संस्कृतचा मोठा कोश रचला होता. परंतु ते १८९२ सालीच, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, निवर्तले होते. दुसरे प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर. अंगात एकच सदरा, रात्री तो धुवावा आणि सकाळी तोच घालावा, अशा दारिद्र्यात त्यांनी शिक्षण घेतले होते. एम. ए. झाल्यावर त्यांनी आईला कळविले, की मोठ्या पगाराची आशा न धरता आपण लोकहितासाठी आयुष्य वेचणार आहो. त्यांनी तो शब्द पाळला. मात्र इमारत पुरी झाली त्याच वर्षी, १७ जून रोजी, त्यांचेही देहावसान झाले. ज्यांनी रोप लावले, त्यांच्या वाट्याला सावली फारशी आली नाही.

याच महाविद्यालयात धोंडो केशव कर्वे १८९१ पासून गणित शिकवीत. पुढे हिंगणे येथे विधवा स्त्रियांसाठी त्यांचा आश्रम उभा राहिला. दिवसभर शिकवून ते सायंकाळी चिखलातून, काट्याकुट्यांतून आश्रमाची वाट चालत आणि सकाळी पुन्हा वर्गावर हजर होत. १९५८ साली ‘भारतरत्न’ या पदवीने त्यांचा गौरव झाला.

हे सारे समजल्यावर विद्यार्थी मागची टेकडी चढू लागतो. वाऱ्याची झुळूक अंगावर येते. अर्ध्या वाटेवर वळून पाहिले, तर झाडांच्या दाटीतून डोकावणारी कौले आणि त्यांपलीकडे पसरलेले शहर दृष्टीस पडते. त्या काळी ही जागा शहराबाहेर होती, आज शहराने तिला चहूकडून वेढले आहे. सकाळी त्याला जी वास्तू केवळ सुंदर वाटली होती, तिच्याविषयी आता त्याच्या मनात आदर दाटून येतो. आपल्यासाठी कोणीतरी इतके दिले, तर आपण पुढच्यांसाठी काय ठेवणार, हा प्रश्न त्याला अस्वस्थ करतो.

इतक्यात तासाची वेळ होते. तो लगबगीने टेकडी उतरतो. आज पहिलाच तास आहे आणि त्याला तो चुकवावयाचा नाही.