गोठ्यात क्षय येतो कुठून?

गुरांचा क्षय प्रामुख्याने मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जिवाणूमुळे होतो. तो बहुधा श्वासावाटे पसरतो. बाधित गाय महिनोन्‌महिने धडधाकट दिसते, चरते, दूधही देते. मालकाला कळेपर्यंत रोग शेजारच्या दावणीला पोचलेला असतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन, कॉर्नवॉल या परगण्यांत या रोगाने दूधउत्पादकांना अनेक दशके जेरीस आणले आहे. तिथला वाद प्रामुख्याने बॅजर या बिळात राहणाऱ्या निशाचर प्राण्याभोवती फिरतो. बॅजर रोग पसरवतो, हे खरेच. पण 1998 ते 2005 या काळातल्या मोठ्या सरकारी प्रयोगात बॅजर मारलेल्या भागात गुरांचा क्षय घटला, तर त्या भागाच्या कडेने तो वाढला. उरलेल्या बॅजरांची हद्द मोडली आणि ते दूरवर भटकू लागले, असे त्याचे कारण दिले गेले. या वादात गोठ्याचा कारभार झाकोळून गेला, आणि शेतकऱ्याच्या हातात तर तोच सर्वाधिक आहे. सरकारने नेमलेल्या गॉडफ्रे समितीने 2018 मध्ये याच दुर्लक्षावर बोट ठेवले.

सगळ्यात मोठी जोखीम विकत आणलेल्या जनावराची. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा क्षयाच्या नेहमीच्या चाचण्या जवळपास थांबल्या. साथीनंतर रिकामे गोठे भरण्यासाठी दूरदूरहून गुरे आणली गेली आणि कंब्रियासारख्या, क्षय क्वचितच आढळणाऱ्या भागातही त्यांच्याबरोबर रोग पोचला. 2006 पासून इंग्लंडमध्ये जोखमीच्या भागातले जनावर हलवण्यापूर्वी चाचणी सक्तीची झाली. या चाचणीत मानेच्या कातडीत दोन ठिकाणी ट्युबरक्युलिन (जिवाणूंचा अर्क) टोचतात आणि 72 तासांनी सूज मोजतात. तरीही पाचांपैकी एखादे बाधित जनावर सरासरीने निसटतेच. म्हणून नवी गाय काही आठवडे वेगळी बांधून पुन्हा तपासणे गरजेचे ठरते. कागदावरच्या एका निकालावर विसंबणे महागात पडते.

कळप जितका मोठा, तितका धोका जास्त. दाटीवाटीचा, हवा न खेळणारा गोठा जिवाणूच्या पथ्यावर पडतो. दोन शेतांच्या कुंपणाला नाक लावून गुरे एकमेकांना हुंगतात. तिथे दुहेरी कुंपण घालून मध्ये काही मीटरचे अंतर ठेवतात.

खाद्याच्या कोठारांवर कॅमेरे लावून केलेल्या निरीक्षणांत बॅजर रात्री थेट मुरघास आणि पेंडीपर्यंत येताना दिसले. दाराखालची फट बुजवणे आणि पाण्याची भांडी उंच ठेवणे हे त्यावरचे साधे उपाय. शेणमुताची स्लरीही तशीच जपून वापरावी लागते: ऊन जिवाणूला मारते, पण ओल्या, सावलीतल्या शेणात तो महिनोन्‌महिने टिकू शकतो. बाधित गायीचा चीक किंवा टाकाऊ दूध न तापवता वासरांना पाजले, तर पुढची पिढीच बाधित होते.

हा रोग आपल्याकडेही आहे: भारतातल्या अभ्यासांच्या 2018 च्या एकत्रित विश्लेषणात गुरांमधले क्षयाचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. ब्रिटनमध्ये चाचणीत सापडलेले जनावर कत्तलीसाठी जाते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीला 2015 पासून बंदी असल्याने तो मार्ग नाही. त्यामुळे बाजारातून आणलेली गाय तपासल्याशिवाय दावणीला न आणणे, बाधित गाय परस्पर न विकता कायमची वेगळी ठेवणे, तिच्यासाठी स्वतंत्र गव्हाण आणि हौद राखणे, या गोष्टींवरच इथे मुख्य भिस्त राहते.